पहिलीचा पलंग

मला पाहायला केनवडहून माणसं आली तेव्हा माझी दहाही बोटं नखांपर्यंत तपकिरी होती. आईनं लिंबू, चिंच, राख सगळं चोळून पाहिलं, रंग हटला नाही. शेवटी वडिलांनी पाहुण्यांसमोर बेधडक सांगून टाकलं, "पोरगी कामाची हाय. सकाळपासून लोनच्याच्या कैऱ्या चिरून राह्यली." दिवाळी नुकतीच झाली होती. तेव्हा कैरी झाडालाही ठाऊक नव्हती. पण पाहुण्यांमधलं कोणी काही बोललं नाही, आणि दिवाळीत कैऱ्या चिरणाऱ्या घरची मुलगी त्यांनी पसंत केली.

बोटं तपकिरी होण्याचं कारण वडिलांचं दुकान. कारंज्याला देवळाच्या वाटेवर ते तसबिरींना चौकटी बसवायचे. देव आमच्याकडे कागदाच्या गुंडाळीत यायचे, उलगडले की भिंतीला टेकून ओळीनं उभे राहायचे. काच-चौकट होईपर्यंत त्यांना कोणी नमस्कार करत नसे. मी लक्ष्मीच्या तोंडावर खळीचा डबा ठेवलेला आहे, मारुतीला पालथा घालून त्याच्या पाठीत चुका ठोकलेल्या आहेत. त्यामुळे देवाची जी एक भीती माणसाला असावी लागते ती मला नीट कधी बसलीच नाही.

चौकटी सागवानी म्हणून विकल्या जात. असत आंब्याच्या. किंवा घासलेटचे डबे ज्या लाकडी खोक्यांतून येत त्या खोक्यांच्या. त्यांचा साग करणं माझ्याकडे होतं. पानात घालतात तो कात पाण्यात उकळायचा, त्यात थोडा चुना सोडायचा, की लाल-तपकिरी रंग तयार होतो. तो फडक्यानं लाकडात जिरवायचा. वाळला की जवसाचं तेल, आणि सगळ्यात वर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचा हात. वडील म्हणायचे, "जो दिसते तो साग." गिऱ्हाइकाला फसवतो आहोत असं त्यांना कधी वाटलं नाही. आत कागदाचा देव चालतो, तर बाहेर आंब्याचा साग का चालू नये, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

अशी मी पन्नासच्या दशकात लग्न होऊन केनवडला आले. आमचा मुलूख त्या काळात दर थोड्या वर्षांनी या राज्यातून त्या राज्यात जात होता. आम्ही मात्र जागचे हललो नव्हतो. घर शेतकऱ्याचं, मातीचं, पोटापुरतं. घरात माणसं चारच. मामाजी म्हणजे माझे सासरे, मामी म्हणजे सासूबाई, आमचे हे, आणि मी. मामी तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर असतील. मला मात्र त्या म्हाताऱ्या वाटत, कारण मी सतरा वर्षांची होते आणि सासू म्हातारी असते एवढंच मला माहीत होतं.

आम्हा नवराबायकोला झोपायला एक बाज मिळाली. सुंभाची. तिचा सुंभ इतका सैल झाला होता की दोघं दोन कडांना निजलो तरी थोड्या वेळानं मधल्या खड्ड्यात एकत्र यायचो. नव्या लग्नात ही सोय वाईट नव्हती. पण एका कुशीवर पडून पाठ अशी धरायची की सकाळी मी चुलीपुढे वाकले की सरळ व्हायला भिंत लागायची.

आणि कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, एक अख्खा पलंग पडून होता.

फळ्यांचा, चांगला ऐसपैस. पाय गोल कातलेले, उशाच्या फळीवर कमळ कोरलेलं. त्याच्यावर ढेपेची पोती रचलेली आणि खाली कोंबड्या अंडी घालायच्या. मी ह्यांना विचारलं की हा इथे कशाला. ते म्हणाले, "तो पहिलीचा हाय," आणि विषय संपल्यासारखे बैलाला पाणी दाखवायला गेले.

पहिली म्हणजे मामाजींची पहिली बायको. लग्नानंतर दोन पावसाळेही तिनं पाहिले नाहीत, तापात गेली. मूलबाळ नव्हतं. मग मामी दुसरेपणावर आल्या. गेलेल्या सवतीचा चांदीचा टाक, म्हणजे तिची छोटीशी कोरलेली प्रतिमा, मामींच्या गळ्यात काळ्या मण्यांच्या शेजारी असायचा. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाला पुरण शिजलं की पहिला घास टाकाला दाखवायचा. मामी हे सगळं करत, पण बडबडत करत. "घे माय, खाय तू अगोदर. थंडं झाल्यावर मी खातो." रोज शेजारीण येऊन बसावी आणि जाण्याचं नाव काढू नये, तसं त्यांचं तिच्याशी बोलणं होतं.

सवतीनं त्यांना कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो मामाजींच्या थोरल्या बहिणीनं. ती शिरपूरला दिलेली होती, सगळे तिला बाई म्हणत. वर्षातून दोन-तीनदा माहेरपणाला येई आणि आली की ओसरीत बसून तिचं एक वाक्य ठरलेलं असे. "पहिलीनं सागवानी पलंग आनला होता. अख्खा साग." पुढचं ती बोलत नसे. मामींनी माहेराहून एक घागर आणि दोन लुगडी आणली होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मामी लग्न होऊन आल्या त्या दिवशीच त्यांनी त्या पलंगावर निजायला नकार दिला, म्हणून पलंग कोठ्यात गेला. साग असल्यामुळे तो जाळता येईना, आणि पहिलीचा असल्यामुळे विकता येईना.

चैत्रात शेतातली कामं उरकली, ऊन कडक पडायला लागलं. पॉलिश वाळायला याहून चांगले दिवस नाहीत. पाठ तर रोज दुखतच होती. मी मामींना विचारलं, "मामी, कोठ्यातला पलंग घासूनपुसून घेऊ का?"

मामी कुरडयांचा चीक ढवळत होत्या. हात थांबला नाही. "मले काय इचारतं? ज्याचा हाय त्याले इचार."

मामाजी अंगणात बैलगाडीच्या चाकाला तेल देत होते. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून मी दाराआड उभी राहिले आणि ह्यांनी विचारलं. मामाजींनी चाकाला आणखी एकदा तेल दिलं. मग म्हणाले, "घ्या. पन खरवडू नका लय. नुसता पुसून घ्या."

पुसून घ्या हे मला पटलं नाही. जुना थर तसाच ठेवून वर नवा चढवणं म्हणजे न धुतलेल्या अंगाला अत्तर लावणं. दोन दिवसांनी मामाजी आणि हे बाजाराला गेले, तेव्हा मी शेजारणीच्या मदतीनं पलंग बाहेर काढून कडुलिंबाखाली ठेवला. कोंबड्यांनी पुष्कळ निषेध केला. धुण्याचा सोडा टाकून पाणी उकळवलं, फडक्यानं फळीवर लावलं, आणि फुटक्या बरणीच्या काचेनं खरवडायला सुरुवात केली.

वरचा काळा थर सुटून आला. त्याच्याखालून पाणी वाहायला लागलं ते लाल-तपकिरी. मी हात थांबवला. बोट बुडवलं, वास घेतला, जिभेलाही लावून पाहिलं. तुरट. सोड्याच्या खारटपणातूनही ओळखू आलं. मी ज्याच्यात लहानाची मोठी झाले तो कात होता.

मग मी पाय खरवडला. कमळाच्या पाठीमागची फळी खरवडली. सागाला काच लावली की एक चामड्यासारखा वास येतो, हाताला तेलकट लागतं. इथे वास नाही, तेल नाही. खालून पिवळट पांढरं लाकूड वर आलं, भोळं, गरीब. आमच्या दुकानात त्याची रास पडलेली असायची. आंबा. चारही पाय, सगळ्या फळ्या, कमळासकट आंबा.

मला आधी हसू आलं ते ज्यानं कोणी हे काम केलं होतं त्याच्या हाताचं कौतुक म्हणून. काम उत्तम होतं. इतकी वर्षं कोठ्यात राहून रंग धरून होता. डासांसाठी रोज धूर करत, त्यानं कीडही लागली नव्हती. मग माझ्या लक्षात आलं की हे आता मामींना सांगावं लागेल, आणि हसू गेलं.

सांगायची वेळच आली नाही. मामी कुरडया वाळत घालायला बाहेर आल्या आणि पलंगापाशी उभ्या राहिल्या.

"सागाले काय झालं वं?"

"मामी, हा साग नाही."

"मंग काय हाय?"

"आंबा हाय. वरून कात लावला होता."

त्यांनी कुरडयांचं ताट खाली ठेवलं. पलंगाच्या कडेला बोटानं खरवडून पाहिलं, मग नखानं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रडतील किंवा मला मारतील. त्या जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. हसत होत्या. इतक्या हसल्या की शेजारीण कुंपणावरून डोकावली आणि मी तिला हातानंच जा म्हटलं.

हसणं ओसरलं तेव्हा त्यांनी गळ्यातला टाक वर उचलून डोळ्यांसमोर धरला. "काय वं बाई," त्या त्याला म्हणाल्या, "तुह्या बापानं बी मले असं नाचवलं का? लगन झाल्यापासून मी तुह्या सागापुढं मान खाली घालून राह्यली."

टाक काय बोलणार. मामी तो तसाच धरून बसल्या. कुरडयांवर कावळा आला तरी उठल्या नाहीत. मग हळू आवाजात मला विचारलं, "तिले माहीत असन का?"

"माहीत असंल," मी म्हणाले. "आमच्याकडे असं काम द्यायला बाप यायचा. पोरगी संगं असली तर ती दुकानाबाहेर खालमानेनं उभी राहायची. पोरींना माहीत असते, मामी."

"म्हंजे निजत असन याच्यावर, अन कोनी नख लावलं त, म्हनून भीत असन." मामींनी टाक पदरानं पुसला. "सोळाची होती म्हनतात. माह्याहून लहान."

मग मलाही राहवेना. मी म्हणाले, "मामी, मी माहेराहून आनलेलं कपाट बी सागाचं नाही. खोक्याचं हाय."

"ते मले पयल्याच दिवशी समजलं."

"कसं?"

"तुह्या लुगड्यायले घासलेटचा वास येते."

त्या उठल्या, कावळ्याला दगड मारला, आणि जाता जाता म्हणाल्या, "रंगव परत. असा रंगव का सागाले बी लाज वाटली पाह्यजे. अखजीले बाई येऊन राह्यली." अखजी म्हणजे अक्षय तृतीया, जवळच आली होती.

आमच्या ह्यांना दोघींनी मिळून रिसोडच्या बाजारात पाठवलं. कात, चपडी लाख, स्पिरिट. इतका कात मागितल्यावर पानवाल्यानं त्यांना विचारलं की घरी लग्न आहे का. ते सरळ माणूस, म्हणाले, "नाही, पलंग हाय." बाजारात तेव्हापासून लोक त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहायचे. पलंग आंब्याचा असल्याचं आम्ही त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नसे. मामाजींनी येऊन उघडा पडलेला पलंग पाहिला, क्षणभर थांबले आणि कोठ्यात निघून गेले. आम्हाला वाटलं, पुरुषमाणूस, त्याला लाकडातलं काय कळतं.

मी मामींना काम शिकवलं. कात किती उकळायचा, चुना जास्त पडला तर रंग कसा वांग्यासारखा होतो, फडकं नेहमी रेषेच्या दिशेनं कसं फिरवायचं. तीन दिवसांत त्यांची बोटं माझ्यासारखी झाली. पण खरी करामत पुढे होती. सागाच्या अंगावर गडद रेघा असतात, त्या आंब्यावर काढाव्या लागतात. काजळी तेलात खलून कोंबडीच्या पिसानं ओढायच्या. मी दुकानात ते करत असे, बरं करत असे. मामींनी पीस हातात घेतलं आणि मी बाजूला झाले. त्यांचा हात न थांबता, न कापता खालपासून वरपर्यंत जायचा, जणू लाकूड आतून तसंच वाढलं होतं. उशाच्या फळीवर त्यांनी एक गाठही काढली, डोळ्यासारखी, जरा वाकडी.

"ही कायले?" मी विचारलं.

"खोट नसली त लोक इस्वास ठेवत नाहीत."

स्पिरिटनं मात्र गावभर काम केलं. दारू उघड मिळण्याचे दिवस नव्हते, आणि आमच्या अंगणातून दुपारभर तो वास सुटलेला. विहिरीवर एक-दोघींनी तोंडं फिरवली. शेवटी शेजारीणच येऊन मामींना म्हणाली, "कारंज्याची सून, तिच्या नादानं तुमी बी पेऊन राह्यल्या, असं लोक म्हनतात."

मामी पलंगाच्या पायाला पॉलिश लावत होत्या. "आमी कायले पेतो," त्या म्हणाल्या. "आमचा पलंग पेते. ये, हुंगून पाह्य त्याचं तोंड."

शेजारणीनं खरंच वाकून हुंगलं.

अखजीच्या आदल्या दिवशी बाई शिरपूरहून छकड्यातून आली. छकड्याचं जू खाली टेकायच्या आधी तिला ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत, ठेवलेला पलंग दिसला. ती चपला काढायचं विसरली. थेट पलंगापाशी गेली, फळीवर हात फिरवला, बोटांच्या पेरानं टकटक वाजवून पाहिलं, मामींनी काढलेल्या गाठीवर अंगठा फिरवला.

"याले म्हनतात साग," ती मामींना म्हणाली. "पाह्य, गाठ कशी हाय. जुन्या झाडाचं लाकूड."

"हो बाई," मामी म्हणाल्या. "असा साग आता कुठं भेटते."

मी पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाले आणि माठावर डोकं टेकून हसले.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि आमरस. बाईनं खाली पाटावर बसायला नकार दिला, गुडघे धरले म्हणाली. पलंगावर मांडी घालून बसली, ताट पुढ्यात घेतलं. आंब्यावर बसून आंबा खात ती साग किती टिकतो ते सांगत होती. मामी वाटीत रस वाढत होत्या आणि एकदाही माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांच्या या संयमाला मी आजही मानते.

तिसरी वाटी झाल्यावर बाई मामाजींना म्हणाली, "माह्या नातीचं लगन ठरून राह्यलं. हा पलंग मले दे. पहिलीचा साग तिच्या सासरी शोभन."

मामी लगेच म्हणाल्या, "घेऊन जा बाई. छकड्यात बसते."

मामाजींचा घास हातातच राहिला. "नाही," ते म्हणाले.

"काहून?"

"पलंग घरचा हाय. घरातच राहीन."

बाईनं त्यांना एक शब्द कधी खाली पडू न देणारा भाऊ म्हणूनच पाहिलं होतं. तिनं ताट सरकवलं. "दुसरीनं कान भरले," ती म्हणाली. "पहिली असती त तिनं स्वतः देला असता." मामींच्या हातात रसाचं पातेलं होतं. त्या पातेलं घेऊन आत आल्या आणि ते इतक्या जोरात ठेवलं की रस उडून चुलीवर पडला.

संध्याकाळी धारेच्या वेळेला मी कोठ्यात गुरांना कुटार टाकत होते. मामी गाईखाली बसल्या होत्या. मामाजी वासरू धरून उभे. मामींनी वर न पाहता विचारलं, "देऊन टाकला असता त काय झालं असतं? तेवढीच कटकट गेली असती."

"तिथं लोक पाहतीन, घासतीन, पुसतीन," मामाजी म्हणाले. "कोनी खरवडलं त?"

"खरवडलं त काय?"

मामाजींनी वासराची दोरी आवळली. मामींचे हात थांबले. गाईनं मान वळवून पाहिलं.

"तुमाले माहीत हाय," मामी म्हणाल्या.

मामाजी वासराच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिनंच सांगतलं होतं. आली त्या महिन्यातच. रडत होती. बापाची अब्रू जाईन, कोनाले सांगू नका म्हने. मी शब्द देला."

मला तिथून जायला हवं होतं. पण जायची वाट त्या दोघांच्या मधून होती, म्हणून मी कुटाराच्या ढिगाआड तशीच उभी राहिले.

मामींनी चरवी बाजूला ठेवली. बोलल्या तेव्हा आवाज चढला नव्हता. "मेलेलीची अब्रू राखली, चांगलं केलं. मी बी तेच केलं असतं. पन जितीची कोन राखन? बाई बोलत होती अन तुमी बाजूले बसून भाकर मोडत होते. मले एकलीले सांगतलं असतं त मी काय गावात डफडं वाजवलं असतं?"

"चुकलं," मामाजी म्हणाले.

"आता काय चुकलं म्हनता. जवानी गेली माही त्या सागाखाली." त्या उठल्या, चरवी उचलली, आणि दारात थांबून मला म्हणाल्या, "अन तू तिथं कायले उभी हाय? चूल पेटव."

दुसऱ्या दिवशी बाई निघायच्या तयारीत होती. रागात होती, पण पुरणपोळ्यांची शिदोरी बांधून घ्यायला विसरली नव्हती. छकड्याकडे जाताना ती अंगणात थांबली आणि सवयीनं म्हणाली, "पहिलीनं अख्खा साग आनला होता..."

"बाई," मामाजी मधेच म्हणाले. ते आपल्या बहिणीशी इतकं सरळ कधी बोलले नव्हते. "पहिली गेली. तिचं चांगलं होवो. हे घर यिनं केलं. माहा पोरगा यिनं वाढवला. इथून पुढं या घरात पलंगाचं नाव काढू नको. काढाचं असन त येऊ नको."

बाई तोंड उघडं ठेवून उभी राहिली. छकडेवाल्यानं बैल जुंपायचे थांबवले. मामी ओसरीत सूप घेऊन पाखडत होत्या, त्यांचं सूप चालूच राहिलं, पण त्यात दाणे नव्हते, हे मी पाहिलं. मग बाई छकड्यात चढली आणि बसल्यावर म्हणाली, "पुरन मात्र चांगलं झालं होतं." तिनं केलेली माघार एवढीच. पण त्या दिवसानंतर तिनं पलंगाचा उल्लेख केला नाही, आणि येणंही थांबवलं नाही.

आता माझ्या पाठीचं. मी सोड्यानं हात सोलून घेतले, काचेनं बोटं कापून घेतली, पॉलिशचे आठ हात दिले, ते माझ्या पाठीसाठी. छकडं वेशीबाहेर गेलं तशा मामी ढाळजेत गेल्या, आपली वाकळ पलंगावर पसरली, टाक काढून उशाच्या कमळाला टांगला आणि म्हणाल्या, "आता मी झोपतो याच्यावर. तिची बी हरकत नाही." मामाजींनी बाहेरची आपली बाज उचलली, इकडेतिकडे पाहिलं, आणि ती आमच्या खोलीत आणून ठेवली. "तुमाले दोन होतीन," ते ह्यांना म्हणाले आणि मान खाली घालून गेले. अशी माझ्या नशिबी एकीच्या जागी दोन सैल बाजा आल्या.

पावसाळा सरता सरता मला दिवस गेले. सगळ्यांना आनंद झाला. मामी माझं सगळं करत होत्या, पण दिवाळीपासून त्याही सकाळी कोठ्यामागे जाऊन ओकायला लागल्या. मी म्हटलं पित्त असेल. त्यांनीही पित्तच सांगितलं. हे पित्त संक्रांतीपर्यंत लुगड्याच्या निऱ्यांत मावेनासं झालं. मामी विहिरीवर जाईनात. मामाजी पहाटेच शेतात जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे, शेतात काम असो नसो. आमचे हे तर दोन महिने कोणाशी धड बोलले नाहीत. बापाकडे पाहावं की बायकोकडे, हे त्यांना ठरवता येईना.

शेवटी मीच एका दुपारी मामींना म्हटलं, "मामी, लाजता कायले? मी बी तशीच हाय."

"तू सून हायेस. तुले शोभते," त्या म्हणाल्या. "मले लोक काय म्हनतीन?"

"म्हनू द्या. पोटात पोर हाय, चोरी नाही."

त्या हसल्या, पोट धरून, सांभाळून. त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून विहिरीवर जायला लागलो, दोन घागरी आणि दोन पोटं घेऊन. पहिले चार दिवस लोक हसले. मग सवय झाली. बाई मुद्दाम शिरपूरहून पाहायला आली. मामींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, ढाळजेतल्या पलंगाकडे एक नजर टाकली, तोंड उघडलं, मामाजींकडे पाहिलं आणि मिटलं. काय म्हणायचं होतं ते तिच्या सगळ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मला मुलगा झाला. पाऊस लागला तशी मामींना मुलगी झाली. मामी अशक्त होत्या, अंगावर दूध येईना, म्हणून पहिले काही आठवडे दोघांनाही मीच पाजलं. एका मांडीवर मुलगा, एका मांडीवर नणंद. पाजताना ही नणंद चावायची, म्हणजे नात्याला जागायची.

पुढे त्या मुलीचंही लग्न झालं, पोरंबाळं झाली, ती आजी झाली. माझा मुलगा तिच्यापेक्षा वयानं थोडा मोठा, पण नात्यानं ती त्याची आत्या. दिवाळीला ती येते, ओसरीत पाय लांब करून बसते आणि त्याला हाक मारते. टक्कल पडलेला तो माणूस कुरकुरत वाकतो, तिच्या पायांना हात लावतो, आणि ती त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणते, "मोठा हो."